जिनिंगमधल्या किरकोळ आगी आणि मोठ्या दुर्घटनांचे अहवाल

प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगाव जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) आहे, जोडीला सरकीची ऑइल मिल. या हंगामात तीन वेळा आग लागली. तिन्ही वेळा कामगारांनीच विझवली, नुकसान किरकोळ. आता विम्याचा सर्व्हेअर म्हणतो, या आगींतून काय शिकलात ते लेखी दाखवा. प्रशिक्षणात भोपाळ, पायपर अल्फा अशी नावं ऐकवली जातात. पण समुद्रातल्या तेलाच्या फलाटाचा आणि कापसाच्या जिनिंगचा संबंध काय?

संबंध आहे, फक्त तो ठिणगीत शोधू नका. अहवाल हातात घेतला की बहुतेक जण पहिल्यांदा "आग कशामुळे लागली" ते पान उघडतात. तिथे मिथाइल आयसोसायनेट (भोपाळचा विषारी वायू) किंवा कंडेन्सेट (नैसर्गिक वायूतून निघणारं हलकं तेल) असं काहीतरी दिसतं, आणि आपल्याकडे ते नाही म्हणून अहवाल मिटला जातो. वाचायचं ते दुसरंच: कोणता बचाव कागदावर होता पण त्या रात्री चालू नव्हता, तो कधीपासून बंद होता, आणि हे किती जणांना माहीत होतं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन कित्येक महिन्यांपासून बंद होतं, वायू जाळणाऱ्या फ्लेअरकडे जाणाऱ्या पाइपचा गंजलेला तुकडा काढून ठेवलेला होता, वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर स्टँडबायवर होता आणि पाण्याचा फवारा गळतीच्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हता. चार बचाव, चारही आधीच निकामी. असं वाचलं की तो अहवाल रसायनाचा राहत नाही. तो बोदवडच्या जिनिंगला लागू पडतो आणि दोंडाईच्याच्या स्टार्चच्या कारखान्यालाही.

धडा आपोआप एका कारखान्यातून दुसऱ्यात जात नाही, याचा पुरावा आपल्या जवळचाच आहे. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात निजामपूर-जैताणे परिसरात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवताना आग लागून चार महिला गेल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पुण्याजवळ तळवड्यात तशाच मेणबत्त्यांच्या शेडमध्ये आग लागली. सहा जणी जागीच गेल्या, पुढे आकडा वाढला. राज्य तेच, माल तोच, मधे जेमतेम आठ महिने. शिरपूरजवळच्या वाघाडीचा ३१ ऑगस्ट २०१९ चा स्फोट खान्देशात कोणी विसरलेलं नाही. पण त्यानंतर तुमच्या आवारातली कोणती वस्तू बदलली असं विचारलं तर किती जण उत्तर देऊ शकतील? दुर्घटनेचा धडा म्हणजे आपल्या शेडमधली एक वस्तू, तिच्यावर एका माणसाचं नाव आणि तपासल्याची एक तारीख. एवढं झालं नाही तर धडा अहवालातच राहतो.

आधी तुमच्या तीन आगींबद्दल बोलतो, कारण सर्व्हेअरला हवी असलेली फाइल त्यातच आहे. इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या इंधन डेपोत ११ डिसेंबर २००५ ला पेट्रोलची टाकी ओसंडली, वाफेचा ढग पसरला आणि स्फोट झाला. त्या टाकीची पातळी दाखवणारा गेज ऑगस्टअखेरपासून त्या दिवसापर्यंत १४ वेळा अडकला होता. दर वेळी तो मोकळा केला गेला आणि काम पुढे सुरू झालं. "हा नेहमी अडकतो" ही माहिती सगळ्यांकडे होती, पण तो का अडकतो याचं उत्तर कोणी शोधलं नाही. वर त्याच्यामागचा स्वतंत्र उच्च-पातळी स्विचही निकामी होता, कारण त्याच्या तपासणीच्या दांडीला जे कुलूप लावायचं असतं ते बसवलेलंच नव्हतं. तुमच्याकडे तीन आगी विझल्या, हे कामगारांचं कौतुक आहे. पण तिन्ही एकाच डीआर (डबल रोलर) जिनिंग मशीनच्या ओळीत लागल्या का, एकाच गावाच्या कापसावर लागल्या का, एकाच पाळीत लागल्या का, हे लिहिलेलं नसेल तर तुमचा गेजही तीनदा अडकून मोकळा झालाय, इतकंच.

दर आगीसाठी एक पान पुरे, पण ते चोवीस तासांच्या आत लिहा. वेळ, मशीन नंबर, कोणत्या गंजीतला कापूस, त्या वेळचा कापसातला ओलावा. ज्वाला पहिल्यांदा कोणाला आणि कुठे दिसली. फीडिंग कोणी बंद केलं, पंखा कोणी बंद केला, त्यात किती सेकंद गेले. विझवायला काय वापरलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रोलर आणि सुरीमध्ये काय सापडलं? खडा, तारेचा तुकडा, नट, ट्रॉलीची खिळी, जे सापडेल ते पिशवीत घालून पानाला टाचा. तीन पिशव्यांत तीन वेळा बांधणीची तारच असेल तर तुमचा प्रश्न मशीनचा नाही. तो कापूस उतरवण्याच्या जागेचा आहे, आणि त्यावर उपाय सक्शनच्या तोंडाशी चुंबक आणि खडे पडण्याचा सापळा हा आहे. पिशवीत काहीच नसेल आणि चामडी रोलर काळवंडलेला असेल, तर सुरीचा दाब आणि रोलरवरच्या खाचा तपासा. हे पान लिहिल्याबद्दल कोणाची रोजी कापायची नाही. एकदा जरी कापली तरी चौथी आग तुम्हाला कळवलीच जाणार नाही.

आता पायपर अल्फा. उत्तर समुद्रातल्या या फलाटावर ६ जुलै १९८८ च्या रात्री १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या. त्यातल्या तीन गोष्टी जिनिंगवाल्याने पाठ कराव्यात अशा आहेत.

पहिली गोष्ट पंपाची. फलाटावर डिझेलचे फायर पंप होते. पाण्यात पाणबुडे काम करत असले की ते पंपाच्या तोंडाशी खेचले जाऊ नयेत म्हणून पंप मॅन्युअलवर ठेवले जात. त्या रात्रीही ते मॅन्युअलवरच होते. स्फोटानंतर कंट्रोल रूम गेली आणि पंप सुरू करायला कोणी पोहोचू शकलं नाही. कारण सद्हेतूचं होतं, आणि परिणाम असा झाला.

तुमच्या फायर पंपाचा स्विच आत्ता कुठे आहे? बहुतेक जिनिंगमध्ये तो मॅन्युअलवर सापडतो. जमिनीखालच्या पाइपात गळती असते, त्यामुळे जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) दर दोन मिनिटांनी सुरू होतो, विजेचं बिल वाढतं, म्हणून कोणीतरी स्विच फिरवून ठेवतो. कारण वेगळं, पण पंप मॅन्युअलवर राहणं हेच पायपर अल्फावर झालं. यापेक्षाही मोठी चूक वायरिंगमध्ये असते. आग लागली की कोणीही पहिलं काम कोणतं करतो? मेन बंद करतो, आणि ते बरोबरच आहे. पण फायर पंपाची केबल मेन ब्रेकरच्या पुढून घेतलेली असेल तर त्या क्षणी हायड्रंटही मरतो. केबल ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने, मुख्य ब्रेकरच्या आधी, वेगळ्या स्विचवर घ्या. तो स्विच लाल रंगवा, त्यावर "आगीत बंद करू नका" असं मराठीत आणि हिंदीत लिहा, आणि केबल पाला हाऊसच्या (मोकळी रुई साठवायच्या शेडच्या) भिंतीवरून न नेता जमिनीखालून न्या. एवढं करूनही वीज जाईल. आग मोठी दिसली की वायरमन खांबावरचा डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) पाडतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून डिझेल पंप हवाच.

डिझेल पंपाचं मरण बॅटरीत असतं. हंगामाच्या सुरुवातीला बसवलेली बॅटरी फेब्रुवारीत क्रँक करत नाही. बॅटरीचा चार्जर पंपघरात असतो, पण रात्री पंपघराचा एमसीबी पाडून ठेवायची सवय असते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या माणसाने अर्धा तास इंजिन चालवायचं, आणि व्हॉल्व्ह बंद ठेवून नाही, तर सर्वांत लांबच्या हायड्रंटवर होज जोडून, ब्रँचमधून (होजच्या टोकाच्या नळीतून) पाणी सोडून. तिथे दाब साडेतीन किलोच्या खाली आला तर पाइपात काहीतरी अडकलंय. पायपर अल्फावर पाण्याच्या फवाऱ्यांची तोंडं गंजाच्या आणि क्षाराच्या खपल्यांनी बुजलेली होती, आणि ते आधीच्या चाचणीत कळलेलंही होतं. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. स्प्रिंकलरचं किंवा फवाऱ्याचं एखादं तोंड दर हंगामाआधी काढून हातात घेऊन बघा. पांढरी खपली दिसली तर सगळी काढा.

पाण्याचा हिशोब कागदावर नको, टाकीवर रंगवा. ६३ मिमी होज आणि २० मिमी नोझल असलेला एक जेट मिनिटाला साधारण ४५० लिटर पाणी घेतो. दोन जेट म्हणजे ९००. तासाला ५४,००० लिटर. तालुक्याच्या गावाहून बंब निघून, शेतरस्त्याने, गेटच्या कमानीखालून येईपर्यंत पाऊण तास गेला असं धरा. बंबात ४,५०० ते ५,००० लिटर पाणी असतं. दोन जेट लावले की तो पाच-सहा मिनिटांत रिकामा. मग तो कुठे भरायचा? तुमच्या टाकीतून भरता यावा यासाठी १०० मिमीचं सक्शन जोड टाकीबाहेर काढून ठेवलेलं हवं, त्याच्यापर्यंत बंबाला सहा मीटर रुंद वाट हवी, आणि त्या वाटेवर सरकीची पोती नकोत. कमानीची उंची पाच मीटरपेक्षा कमी असेल तर बोर्ड काढा. फायरची टाकी आणि रुईला ओलावा द्यायची किंवा कामगारांच्या वापराची टाकी एकच असेल, तर वापराच्या पाइपचं तोंड टाकीत वर घ्या, म्हणजे खालचे ५४,००० लिटर कोणालाच काढता येणार नाहीत. फलक लावून पाणी राखलं जात नाही. पाइपाची उंची ते राखते.

दुसरी गोष्ट परमिटची, म्हणजे दुरुस्तीच्या कामाच्या लेखी परवान्याची. त्या रात्री एक कंडेन्सेट पंप दुरुस्तीला काढलेला होता आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे नुसती झाकणी बसवली होती. पंपाचं परमिट एकीकडे, व्हॉल्व्हचं परमिट दुसरीकडे. रात्रपाळीने फक्त पहिलं पाहिलं. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा सुरू केला आणि झाकणीतून वायू सुटला.

जिनिंगमध्ये याचं रूप म्हणजे हंगामातलं वेल्डिंग. सक्शन पाइपला भोक पडलं, जेवणाच्या सुट्टीत वेल्डर आला, पॅच मारला, सुट्टी संपली, मुकादमाने पंखा सुरू केला. पाइपच्या आतल्या बाजूला चिकटलेली रुई धुमसत होती. पंख्याने ती काही सेकंदांत पाला हाऊसच्या ढिगावर नेऊन टाकली. वेल्डर खरं सांगतो की त्याने ठिणगी बाहेर पडू दिली नाही; ठिणगी आत गेली. म्हणून पंख्याच्या स्विचला कुलूप घालायचं आणि किल्ली वेल्डरच्या खिशात ठेवायची, मालकाच्या टेबलावर नाही. पाइप असेल तर शक्यतो तुकडा उतरवून बाहेर उघड्यावर वेल्ड करा. जागेवरच करायचं असेल तर अकरा मीटरच्या आत रुई, सरकी, पोती काही नको. जे हलवता येत नाही ते ओल्या ताडपत्रीने झाका. पाण्याने भरलेली होज हातात धरून एक माणूस उभा राहील, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. वेल्डिंग संपल्यावर तो तासभर तिथेच थांबेल. कापसाच्या बाबतीत माझा आग्रह आहे की तीन-चार तासांनी पुन्हा एकदा हात लावून बघा, आणि तोवर पाळी बदलली तर नव्या पाळीच्या वहीत लिहून सही घ्या. परमिटवर "कुठे" या रकान्यात मशीन नंबर लिहा. "जिनिंग हॉल" एवढंच लिहिलेलं परमिट कामाचं नाही.

तिसरी गोष्ट हीच की दोन्ही पाळ्या एकमेकांशी बोलल्या नाहीत. यावर वेगळं काही सांगत नाही. पाळी बदलताना दोन्ही मुकादम मशीनजवळ उभे राहून दहा मिनिटं बोलतील, एवढं करा.

आता कापसाची गोष्ट, आणि ती आपल्याच मुंबईची आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजाच्या दोन नंबरच्या मालकोठीत कापसाच्या गाठींना आग लागली. त्याच कोठीत स्फोटकं होती. वरून नऊशे टनांहून अधिक पाणी ओतलं तरी आगीचं मूळ सापडलं नाही. जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावर एका ठिकाणी रंगाला फोड आले होते. आग तिथे होती. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

दाबलेल्या गाठीत आग कशी राहते ते यातून कळतं. प्रेसमध्ये जाणाऱ्या रुईत एक धुमसता पुंजका गेला की १७० किलोच्या गाठीच्या पोटात तो दिवसेंदिवस जिवंत राहतो. हवा कमी, म्हणून ज्वाला नाही. पण कापसाला धुमसायला फार थोडी हवा पुरते. वरून मारलेलं पाणी दाबलेल्या रुईत शिरत नाही, बाजूने वाहून जातं. गाठ ट्रकवर चढते, धुळे-सुरत रस्त्याला वारा लागतो आणि मग पेटते. किंवा गोदामात रात्री एकची हजार होते.

म्हणून जिनिंगमध्ये आग लागली, कितीही छोटी असो, की प्रेस ताबडतोब थांबवा. आग कळली त्याच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा गाठींचे नंबर वेगळे काढा. त्या गोदामात जाणार नाहीत. आवारात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शेड आणि गंजींपासून पंधरा मीटर लांब, एकमेकींपासून दोन-दोन मीटर अंतर ठेवून मोकळ्या मांडा. किमान पाच दिवस, माझ्या मते आठवडाभर. रोज सकाळी, म्हणजे ऊन चढायच्या आत, सहाही बाजूंना हात फिरवा आणि पट्ट्यांखाली वास घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर शेजारच्या गाठीशी तुलना करा. उन्हात नुसता आकडा फसवतो. एखादी बाजू गरम लागली किंवा करपल्याचा वास आला तर पट्ट्या गोदामात कधीही तोडायच्या नाहीत. पट्टी तुटली की गाठ फुगते, हवा आत शिरते आणि जे धुमसत होतं ते हातातच पेटतं. बाहेर, भरलेली होज तयार ठेवून, पट्ट्या एकेक करून तोडा, थर उलगडा आणि ओलं करत जा. साधं पाणी पुरत नाही. पाण्याचा ताण मोडणारं काहीतरी मिसळावं लागतं. वर्ग अ चा (कापूस, लाकूड अशा घन वस्तूंच्या आगीचा) फोम ०.३ ते १ टक्का मिसळला की पाणी रुईत मुरतं. तो नसेल तर बादलीत कपडे धुण्याचा पातळ साबण चालतो, नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी बरा.

पाला हाऊसमध्ये टांगलेले एक्स्टिंग्विशर एकदा वाचून बघा. पुष्कळ ठिकाणी सीओटू किंवा फक्त बीसी (तेल-गॅसच्या आगीच्या) पावडरचे सापडतात, कारण एकगठ्ठा खरेदीत तेच आले. सीओटूचा झोत मोकळी रुई उडवतो आणि आग चार ठिकाणी नेतो. पावडरने ज्वाला पडते पण खालचं धुमसणं चालूच राहतं. सीओटू पॅनेलजवळ ठेवा. रुईवर पाणीच लागतं, आणि तेही सरळ जेटने नाही, फवाऱ्याच्या ब्रँचने. सरळ जेटही ढीग फोडून पेटते पुंजके उधळतो. दर पंधरा मीटरवर हाताशी पाण्याचा एक्स्टिंग्विशर हवा, आणि माझ्या मते त्याहून उपयोगी म्हणजे पाव इंची नव्हे, चांगली एक इंची रबरी होज असलेले रीळ, जे एकटी बाई ओढू शकेल.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे अग्निसुरक्षेचे कवायतीचे कार्यक्रम १४ ते २० एप्रिलच्या सप्ताहात होतात. तेव्हा जिनिंगचा हंगाम संपत आलेला असतो, शेड अर्धी रिकामी, बाहेरून आलेले कामगार गावी परतलेले. सप्ताह जरूर पाळा, पण खरी कवायत दसरा-दिवाळीच्या दरम्यान, मुहूर्ताच्या आठवड्यात, नव्या माणसांसोबत करा, आणि दुसरी जानेवारीत रात्रपाळीत.

धुळीचा धडा साखरेने दिला. अमेरिकेत जॉर्जियामध्ये पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ ला १४ जण गेले. सायलोखालच्या पट्ट्याच्या कन्व्हेयरवर आधीच्या वर्षी पत्र्याचं आवरण घातलं होतं, साखरेत घाण पडू नये म्हणून. आवरणाच्या आत धूळ साठायला लागली; ती ओढून घेण्याची सोय नव्हती आणि स्फोट बाहेर सोडायला पडदेही नव्हते. चौकशीत तापलेलं बेअरिंग हे संभाव्य कारण दिलं आहे. पहिला धमाका मर्यादित होता. त्याने मजल्यांवर, तुळयांवर साठलेली धूळ हवेत उठवली आणि पुढचे स्फोट त्या धुळीचे झाले. माणसं मेली ती दुसऱ्या स्फोटांनी आणि आगींनी.

मोकळ्या रुईचा तसा स्फोट सहसा होत नाही, पण छताच्या कैच्यांवर, पाइपांवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर बसलेली रुईची लव एका झटक्यात शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आग नेते. स्टार्च, डाळीचा भुसा, हळद, मिरचीची पूड हे मात्र थेट साखरेच्या पंगतीतले. जळगावच्या डाळ मिलवाल्यांनी हा अहवाल जिनिंगवाल्यांच्याही आधी वाचावा. एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा थर, म्हणजे खालचा रंग दिसेनासा करणारा आणि नखाने रेघ ओढता येईल असा, मोठ्या जागेवर पसरला असेल तर तो धोक्याचा धरतात. आणि तो कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून साफ करायचा नाही. मशीन चालू असताना तर कधीच नाही. वरून खाली, झाडू किंवा व्हॅक्यूमने, आठवड्यातून एकदा कैच्या, रोज पाळीला मोटारी आणि पॅनेल. मोटारीच्या जाळीवर लव बसली की मोटार तापते आणि जी तिला तापवते तीच लव पेटते.

बेअरिंगच्या तापमानाबद्दल एक खास खान्देशी सूचना. जानेवारीच्या सकाळी शेडमध्ये १२ अंश असतात आणि एप्रिलच्या दुपारी ४३. ६५ अंशांचं बेअरिंग जानेवारीत गंभीर, एप्रिलमध्ये बहुधा ठीक. म्हणून वहीत नुसता आकडा लिहू नका. त्याच प्रकारच्या शेजारच्या बेअरिंगपेक्षा किती जास्त, ते लिहा. १५ ते २० अंशांचा फरक दिसला की मशीन थांबवा, ग्रीस मारून पुढे ढकलू नका.

फ्लिक्सबरोचा धडा लहान आहे. इंग्लंडमधल्या त्या कारखान्यात १ जून १९७४ ला २८ जण गेले. पाच नंबरचा रिअॅक्टर काढून चार आणि सहा यांच्यामध्ये २० इंची तात्पुरता पाइप टाकला होता, ज्याचं रेखाटन कार्यशाळेच्या फरशीवर खडूने केलं होतं. तुमच्याकडे पोस्ट-क्लीनरला (जिनिंगनंतर रुई साफ करणाऱ्या मशीनला) बायपास, जास्त एचपीचा पंखा, पाला हाऊसमध्ये वाढवलेला पत्रा, हे सगळं खडूनेच होतं. बदल करण्याआधी एका पानावर तीन ओळी लिहा: यामुळे कोणती वाट बंद होते, कोणता पाइप किंवा केबल कुठे सरकते, आणि आग लागली तर हा बदल तिला कुठे नेईल. त्यावर तुमच्याखेरीज आणखी एका जाणत्या माणसाची सही घ्या.

पुढे सॉल्व्हेंट प्लांट टाकायचा विचार असेल तरच हे वाचा. १३ फेब्रुवारी १९८१ ला अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात सोयाबीनच्या कारखान्यातून हेक्झेन (तेल काढायचं ज्वलनशील सॉल्व्हेंट) गटारात गेलं, रस्त्यावरच्या गाडीच्या ठिणगीने पेटलं आणि दोन मैलांहून अधिक रस्ता उडाला. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जवळपास तिप्पट जड, हवेत १.१ टक्का झाली तरी पेटते, आणि आपल्या थंडीतही तिला पेटायला पुरेशी ऊब असते. त्यामुळे ऑइल मिलच्या गटाराची वाट तुमच्या जिनिंगच्या आणि गावच्या गटाराला जोडलेली नको. हे आजच, प्लांट येण्याआधी, नकाशावर ठरवा. सध्याच्या एक्स्पेलरमध्ये लक्ष ठेवायचं ते पेंडेवर आणि ओल्या सरकीवर. ढिगात आपसूक ऊब वाढते. लोखंडी सळई ढिगात खुपसून अर्ध्या तासाने काढा. हाताला सहन होईना इतकी तापली असेल तर ढीग लगेच पसरा, पण होज तयार ठेवून.

दारांबद्दल. कराचीच्या बल्दिया भागातल्या कपड्यांच्या कारखान्यात ११ सप्टेंबर २०१२ ला अडीचशेहून अधिक माणसं गेली. ती आग मुद्दाम लावलेली होती असं पुढे न्यायालयात ठरलं. पण माणसं अडकली ती बंद दारांमुळे आणि गजांच्या खिडक्यांमुळे. आग कोणी लावली याचं उत्तर काहीही असतं तरी दारं उघडी असती तर त्यातली बहुतेक घरी गेली असती. तुमच्या पाला हाऊसला समोरासमोर दोन दारं हवीत, बाहेर उघडणारी, पाळी चालू असताना बाहेरून कडी-कुलूप नसलेली. चोरीची भीती खरी आहे. तिला कॅमेरा आणि गेटवरची झडती हा उपाय आहे, कुलूप नाही. सातपुड्यातून आणि बडवानीकडून आलेल्या मजुरांच्या झोपड्या आवारातच, गंजींच्या आडोशाला असतात आणि तिथे चुली पेटतात. त्या लोकांना रागावून उपयोग नाही, त्यांनी रांधायचं कुठे? गंजीपासून पन्नास मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला पक्क्या ओट्याची शेड बांधून द्या. तिचा खर्च तुमच्या दहा-वीस गाठींत निघतो.

सर्व्हेअरच्या फाइलमध्ये मग काय असेल? तीन आगींची तीन पानं आणि टाचलेल्या पिशव्या. वर सांगितलेल्या प्रत्येक दुर्घटनेपुढे तुमच्याकडची जोडीची वस्तू, जबाबदार माणसाचं नाव आणि शेवटच्या तपासणीची तारीख: पायपर अल्फापुढे डिझेल पंप आणि पंख्याच्या कुलपाची किल्ली, फोर्ट स्टिकिनपुढे वेगळ्या काढलेल्या गाठींची वही, पोर्ट वेंटवर्थपुढे कैच्या झाडल्याची तारीख. महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियम, २००६ नुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून द्यायचं नमुना ब चं (अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं) प्रमाणपत्र त्यात लागेलच. पण जुलैत जिनिंग बंद असते, तेव्हा केलेली तपासणी नोव्हेंबरच्या पंपाबद्दल काही सांगत नाही. म्हणून एजन्सीला मुहूर्ताआधी एकदा वेगळं बोलवा. त्या दिवशी जिनिंगचा मेन खरोखर पाडा, शिट्टी वाजवा, आणि सर्वांत लांबच्या हायड्रंटवरच्या ब्रँचमधून पाणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर वेळ किल्ली शोधण्यात गेला, बॅटरीत गेला की व्हॉल्व्ह फिरवण्यात, ते तिथेच वहीत लिहा आणि दुरुस्त झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मेन पुन्हा पाडा.